योसेफाच्या भावांना अटक झाली का?

हा सवाल माझा नाही. माझ्या मावसबहिणीचा आहे. एका संस्थेच्या व्हरांड्यात, जाळीच्या आतल्या बाजूला बसून तिनं मला तो विचारला आणि मी, च्यायला, कविता करणारा माणूस, गप्प बसलो.

मी सरावलीचा. तालुका डहाणू, जिल्हा आधी ठाणे, २०१४ पासून पालघर. दहावी पास, आमच्या आज्याच्या भाषेत मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर हमाली करतो आणि रात्री कविता लिहितो. हे सगळे गुन्हे आधीच कबूल करून पुढचं लिहितोय.

तिचं नाव लिहिणार नाही. तिची कहाणीही इथं उलगडून विकणार नाही, ती एकदा विकली गेलीय तेवढं पुरे. एवढंच सांगतो की ती एकोणीस वर्षांची होती, नात्यातल्याच एका मामानं वापीला पॅकिंगचं काम आहे म्हणून डहाणू रोडच्या फलाटावरून तिला गाडीत बसवलं, आणि चौदा महिन्यांनी पोलिसांच्या धाडीत ती भलत्याच शहरात, भलत्याच माडीवर सापडली. मधल्या चौदा महिन्यांत गावात मामाच्या घरावर पत्रे चढले. मावशीला वाटायचं पोरगी पैसे पाठवत नाही, बिघडली.

धाडीतनं सुटली ती संस्थेत गेली. तिथं दर गुरुवारी एक ताई येते. चर्चवाली. हातात चित्रं, पिशवीत बिस्किटं, तोंडात गोडवा. तिनं पोरींना योसेफाची गोष्ट सांगितली. बापाचा लाडका योसेफ, भावांनी खड्ड्यात टाकला, व्यापाऱ्यांना विकला, परदेशात गुलाम झाला, खोट्या आळानं तुरुंगात गेला, आणि शेवटी मिसर देशाचा कारभारी झाला. भावांना त्यानं पोटाशी धरलं. म्हणाला, तुम्ही वाईट करायला गेलात पण देवानं त्यातनं चांगलं काढलं. ताईनं चित्र मिटलं आणि म्हणाली, बघा पोरींनो, तुमच्यासाठीही देवाचा बेत आहे, मनातला राग सोडून द्या.

आणि माझ्या बहिणीनं विचारलं, भावांना अटक झाली का?

ताई हसली म्हणे. हसून म्हणाली, बाळ, ती जुन्या काळची गोष्ट.

दोस्तांनो, मला त्या ताईवर तोंडसुख घ्यायचं नाही. पहिल्या महिन्यात ही पोरगी रात्री किंचाळत उठायची तेव्हा उशाशी बसून तिचा हात धरणारी बाई तीच होती. सरकार नव्हतं, पोलीस नव्हते, मी नव्हतो, आपल्या चळवळीचा एकही कार्यकर्ता नव्हता. आणि मी स्वतः मिशनच्या वसतिगृहात चार वर्षं डाळभात खाल्लाय. तिथल्या सिस्टरनं मला पुस्तक धरायला शिकवलं. बायबलातल्या गोष्टी मी तिच्या तोंडून ऐकल्या त्या अजून विसरलो नाही. त्या उपकाराला मी जागतो, म्हणूनच भांडतोय. परक्याशी कोण एवढं भांडतो?

तर त्या रात्री पाळी संपवून खोलीवर आलो आणि पुस्तक काढलं. उत्पत्तीचा सदतिसावा अध्याय. गोदीतला माणूस ती गोष्ट कशी वाचतो ते ऐका.

भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकलं आणि लगेच जेवायला बसले. पोरगा खाली ओरडतोय, वर भाकरी मोडली जातेय. तेवढ्यात उंटांचा तांडा आला. उंटांवर काय होतं ते पुस्तकात लिहिलंय: मसाला, डिंक, गंधरस. सगळं मिसरला चाललेलं. मग त्यातला एक भाऊ, यहूदा त्याचं नाव, म्हणतो की याला मारून आपल्याला काय फायदा, विकून टाकू. वीस नाणी ठरली. म्हणजे पोरगा मसाल्याच्या आणि डिंकाच्या गोणीशेजारी लादला गेला. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण मी रोज माल लादतो उतरवतो. आमच्याकडे एक गोण फाटली तर मुकादम बोंबलतो, टॅली क्लार्क कागदावर नोंद घेतो, नुकसान कुणाच्या खात्यावर घालायचं यावर तासभर हुज्जत चालते. माझी बहीण डहाणूहून निघाली, तीन शहरं फिरली, दोनदा विकली गेली, तिची टॅली कुणी ठेवली? तुरीच्या गोणीला जेवढा कागद असतो तेवढाही तिला नव्हता.

आणि यहूदाचं ते वाक्य! मारून काय फायदा? अरे हाच तर दलालाचा धर्म. तो दयाळू दिसतो कारण तो मारत नाही. तो भाव काढतो.

आता त्या भावांचं पुढं काय झालं ते बघा. अटक सोडा. त्यांना मिसरमधली उत्तम कुरणाची जमीन मिळाली, गोशेन प्रांत. गुरंढोरं, बायकापोरांसकट सगळे तिथं नांदले. विकणाऱ्याला जमीन, विकलेल्याला गौरव, आणि देवाचा बेत सुफळ संपूर्ण. योसेफानं माफ केलं, खरंय. पण माफ केलं तेव्हा तो कोण होता? सगळ्या देशाच्या धान्याच्या कोठारांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला होत्या. भाऊ जमिनीला डोकं टेकून धान्य मागत होते. आणि त्यानंही लगेच पोटाशी धरलं नाही बरं का! आधी त्यांना हेर म्हणून पकडलं, तीन दिवस कोठडीत घातलं, एकाला ओलीस ठेवला, धाकट्याच्या पोत्यात चांदीचा प्याला लपवून चोरीचा आळ घातला. चांगला घाम काढला, मग रडला. ताई हा भाग चित्रात दाखवत नाही.

माझ्या बहिणीच्या कमरेला कसली किल्ली आहे? खोलीला कुलूप बाहेरून आहे. मामा जामिनावर सुटून बाजारात सुकट घेतोय. मावशी त्याच्या समोरून मान खाली घालून जाते. अशा पोरीला राग सोड म्हणणं म्हणजे तिच्याकडं जी एकच मालमत्ता उरलीय ती काढून घेणं. तिचा राग हाच या खटल्यातला पहिला साक्षीदार आहे. तो फोडू नका.

याच पुस्तकाचा सत्तेचाळिसावा अध्याय कुठल्याही आश्रमात, कुठल्याही वसतिगृहात कुणी वाचून दाखवलेला मी ऐकला नाही. माझ्या सिस्टरनंही नाही. दुष्काळ वाढत जातो. लोक योसेफाकडं येतात. आधी तो त्यांचे पैसे घेतो. पैसे संपले, गुरं घेतो. गुरं संपली, लोक म्हणतात आता आमचं शरीर आणि जमीन तेवढी राहिलीय, ती घे आणि आम्हाला जगव. तो घेतो! सगळी जमीन राजाची, सगळी माणसं राजाची गुलाम, आणि पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा राजाला. फक्त पुरोहितांची जमीन त्यानं घेतली नाही. वाचा, तिथंच लिहिलंय. सगळ्या जगात भटजीबुवांची जमीन तेवढी बरी सुटते!

म्हणजे विकला गेलेला पोरगा मोठा होऊन माणसं विकत घेणारा झाला. आणि पुढच्याच पुस्तकात त्याच्याच भाऊबंदांची पोरंबाळं त्या मिसरात विटा थापणारे वेठबिगार झालेली दिसतात. विटा! आमच्या डहाणू-तलासरीच्या माणसाला हे समजावून सांगायला चित्र लागत नाही. दिवाळी झाली की उचल घ्यायची, झोपडीला काटी लावायची आणि बायकापोरांसकट भट्टीवर जायचं.

तुम्ही म्हणाल, दहावी पास हमाल पंडिताच्या आवेशात बोलतोय. मग पंडितांचं ऐका. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवरच्या निग्रो गुलामांसाठी एक खास बायबल छापलं. मिशनऱ्यांनीच. त्यातनं जुन्या कराराचा बहुतेक भाग कापून टाकला. मोशे गुलामांना घेऊन मिसरातनं निघतो, राजाची फौज पाण्यात बुडते, ते सगळं गायब. आणि काय ठेवलं? योसेफ! गुलामीत इमानदारीनं राबणारा, मालकाशी एकनिष्ठ राहणारा, देवावर भरोसा ठेवणारा योसेफ ठेवला. कापणाऱ्याच्या कात्रीला बरोब्बर ठाऊक होतं की कुठल्या गोष्टीनं माणूस बसतो आणि कुठल्या गोष्टीनं उठतो. पुढं अमेरिकेतल्या काळ्यांनी कापलेला भाग शोधून काढला, मोशेची गाणी केली, आणि हॅरिएट टबमन नावाची बाई स्वतः पळून सुटल्यावर परत परत मागं जाऊन माणसं सोडवून आणायला लागली तेव्हा लोक तिलाच मोशे म्हणाले. जोतीरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपलं नातं त्या टोकाशी आहे. १८०७ च्या कात्रीशी नाही.

आता एक मिनिट थांबा. मी एवढं लिहिलं की काही लोक मागच्या बाकावरून टाळ्या वाजवणार. बघा, दलित पोरगंच मिशनऱ्यांना सोलतंय! टाळ्या खिशात ठेवा. १९९९ साली ओरिसात ग्रॅहम स्टेन्सला दोन लहान पोरांसकट गाडीत जिवंत जाळलं त्या जातीच्या टाळ्या मला नकोत. तुमच्या घरात काय आहे? राजा हरिश्चंद्र! बायको भर बाजारात विकली, पोर विकलं, आणि हजारो वर्षं तुम्ही रडताय कुणासाठी, तर विकणाऱ्याच्या सत्यवचनासाठी. तारामतीचा भाव काय आला, ज्या ब्राह्मणाच्या घरी गेली तिथं रात्री काय झालं, एकानं विचारलं नाही. आणि हरिश्चंद्राची परमावधीची दुर्दशा काय, तर तो स्मशानातल्या डोंबाकडं कामाला लागला. म्हणजे आमच्याकडं नोकरी हा शिक्षेचा कळस! १९१३ साली फाळक्यांनी त्याचा सिनेमा काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना. कोठ्यावरच्या बायाही नको म्हणाल्या. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषानं साडी नेसली. मला त्या नकार देणाऱ्या बायांचं कौतुक वाटतं. कारण काही का असेना.

आणि आमच्या मातीतली गोष्ट तर अजून हाडं वाळायच्या आतली आहे. लग्नगडी. लग्नाला कर्ज काढलं की वारली गडी आणि त्याची नवी नवरी सावकाराच्या वाड्यावर जन्माचे बांधले. नवरा शेतात, नवरी सावकाराच्या नजरेत. सावकार हिंदू होते, पारशी होते, मुसलमान होते, या बाबतीत सर्वधर्मसमभाव होता. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. १९४५ च्या मे महिन्यात झरीला पाच हजार वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणून उठले. मग गावोगाव मोर्चे निघाले, वाड्यांपुढं जाऊन लग्नगडी मोकळे केले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. त्या लग्नगड्यांना कुणी रागावर पाणी टाकायला सांगितलं असतं तर माझ्या गावाच्या आजूबाजूला आजही वाडे आणि गडी राहिले असते.

म्हणजे गोष्टी सांगूच नका असं मी म्हणतोय काय? नाही. गोष्टीनं माणूस उभा राहतो हे मला पंडिता रमाबाईंवरून पटलंय. १८८३ साली ही चित्पावन विधवा इंग्लंडला गेली. तिथं ज्यांना पतित म्हणून जग थुंकतं अशा बायांना सांभाळणारं एक घर तिनं फुलहॅमला पाहिलं. तिनं विचारलं, तुम्ही हे का करता? तिथल्या सिस्टरनं तिला विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. येशू त्या बाईकडं पाणी मागतो ती गोष्ट. परक्या, हलक्या मानलेल्या जातीच्या बाईच्या हातचं पाणी! आम्ही १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेलो, आम्हाला ती गोष्ट कळायला भाष्य नको.

पण नीट बघा, ती गोष्ट कुणाला सांगितली गेली? उद्धार करणारीला. तिचं मन बदललं. आणि मग १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली, भुकेल्या पोरींवर गिधाडासारखे टपलेले दलाल तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि शेकड्यानं पोरी केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीमध्ये जवळपास दोन हजार बायापोरी होत्या. तिनं त्यांना आधी भाकर दिली, मग हातमाग दिला, शेत दिलं, छापखाना दिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिनं अख्खं बायबल मराठीत आणलं, ती १९२२ ला गेली आणि १९२४ ला ते बाहेर पडलं, तर त्याचे खिळे जुळवणारे हात याच पोरींचे होते. गोष्ट ऐकणाऱ्या पोरी गोष्ट छापणाऱ्या झाल्या! रमाबाईंना सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं असं वाटायचं, ते मला मान्य नाही. पण सनातनी पुणं तिच्यावर तुटून पडलं तेव्हा तिच्या बाजूनं लिहिणारा माणूस जोतीराव फुले होता, हे आपल्यातल्या शहाण्यांनी ध्यानात ठेवावं.

आता आपली पाळी. कवीलोक, जरा पुढं सरका. आपण कामाठीपुऱ्यावर किती कविता लिहिल्या? वेश्या आपल्याला प्रतिमा म्हणून फार आवडते. तिच्या जखमेवर माइक लावायचा, चार शिव्या घालायच्या, टाळ्या घ्यायच्या, चहा प्यायचा. मीही लिहिलीय. बहीण सापडली त्या आठवड्यात ती वही मी चुलीत घातली. तिच्यात एक ओळसुद्धा अशी नव्हती की जी मला जाळीपलीकडं बसलेल्या पोरीसमोर म्हणता आली असती.

बाबासाहेबांनी १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलात मुरळ्या, जोगतिणी, देवदासी आणि कामाठीपुऱ्यातल्या आपल्या बायांपुढं भाषण केलं. हा धंदा सोडा म्हणाले. पोट कसं भरायचं ते तुमचं तुम्ही शोधा, वाटा शेकड्यानं आहेत, असा त्यांचा सूर होता. मी बाबासाहेबांचा पोरगा आहे तरी लिहितो, हे मला टोचतं. पण त्याच माणसाच्या घटनेत पुढं कलम २३ आलं: माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी बंद, मोडेल तो गुन्हेगार. तिथं बाईला उपदेश नाही, बाजाराला हातकडी आहे. १९३६ ते १९५० एवढं अंतर तो माणूस चालला. आपण किती चाललो?

ताईला मी एवढंच म्हटलं की बायबल आणा, जरूर आणा, पण पूर्ण आणा. अनुवादात एक हुकूम आहे की मालकापासून पळून आलेला गुलाम त्याच्या मालकाला परत देऊ नका, त्याला हवं तिथं राहू द्या. तो वाचा. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै गावची एक दासी आहे, तिच्या अंगातल्या भुताच्या भविष्यावर मालक कमावतात. पौल भूत काढतो, धंदा बसतो, मालक पौलाला कोर्टात खेचतात, पौल तुरुंगात जातो आणि तुरुंगाचे दरवाजे उघडतात. पोरीचं काय झालं? पुस्तक तिला विसरतं. पुढची ओळसुद्धा नाही. ते पोरींना सांगा आणि विचारा, बायांनो, तिचं काय झालं असेल? संस्थेतली प्रत्येक पोरगी तुम्हाला दोन तास सांगेल.

माझ्या बहिणीला त्या पुस्तकातली एकच बाई आवडते, हागार. अब्राहामाच्या घरची मिसरी दासी. तिला विचारलं कुणी नाही, वापरली, पोटुशी केली, छळली, ती रानात पळाली. तिथं झऱ्यापाशी देव बोलला तर या बाईनं त्यालाच नाव दिलं, मला पाहणारा देव. बहीण म्हणते, ‘दादा, सगळ्यांना देव नावं ठेवतो, हिनं देवाला नाव ठेवलं.’ पण तोच दूत तिला परत मालकिणीकडं पाठवतो, तेही तिनं पकडलंय. म्हणते, तिथं तो चुकला.

तर आता कामाचं. कायद्याच्या कलम १७ खाली मॅजिस्ट्रेट अशा बाईला एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवू शकतो, आणि तिला एक वर्ष झालं. २०२० च्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टानं अशाच तीन सज्ञान बायांना सोडून दिलं, त्यांच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही म्हणाले. तो निकाल आम्ही वकिलाला दिलाय. दुसरं, १९७६ च्या वेठबिगार कायद्याखाली मुक्ततेचा दाखला मिळाला तर केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुरुषाला १ लाख, बाईला २ लाख, आणि जिला असं विकून वापरलं तिला ३ लाख आहेत. पूर्ण रक्कम गुन्हा सिद्ध झाल्यावर. म्हणजे परत तोच सवाल, भावांना अटक झाली का? दाखल्यासाठी एका कचेरीत मी चार खाडे घालून चकरा मारल्या. साहेब म्हणाला, वेठबिगार म्हणजे भट्टीवरचे, या बाया त्यात येत नाहीत. मी योजनेचा कागद पुढं ठेवला. म्हणाला, ठेवून जा.

गेल्या गुरुवारी मी मुद्दाम गेलो. ताई सत्तेचाळिसावा अध्याय उघडून बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, भाऊ, मी हा वाचला होता, पण असा वाचला नव्हता. मी काही बोललो नाही. मग तिनं स्वतःच विचारलं, त्या दाखल्याचा अर्ज कसा लिहायचा? आम्ही तिघं बसलो. अर्जात किती दिवस, किती तास, किती पैसे बुडवले ते लिहावं लागतं. बहीण म्हणाली, मला तारखा येत नाहीत, मोजून सांगते. मी गोदीतला टॅलीचा कोरा कागद खिशातून काढून दिला आणि दाखवलं, चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ताईनं पेन दिलं. संध्याकाळी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती सातव्या महिन्यावर होती.